गडग्यावरची झोपडी

"समाजवादी म्हणजे फुटणारे लोक." हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. परवा एका लग्नाच्या मांडवात एका चांगल्या वाचत्या मुलानं पुन्हा तेच ऐकवलं आणि वर बोटांवर मोजून दाखवलं: काँग्रेस समाजवादी, समाजवादी, प्रजा समाजवादी, संयुक्त समाजवादी, मग पुन्हा समाजवादी. मोजणी बरोबर होती. पंगत बसत होती, म्हणून तिथे काही बोललो नाही. पण ते मनातून जाईना, म्हणून इथे लिहितोय.

माझे वडील, अण्णा, प्रजा समाजवादी पक्षाचे कार्यकर्ते. गाव कोकणातलं, पक्षाचे खासदार नाथ पैंच्या राजापूर मतदारसंघातलं. १९६७ च्या निवडणुकीत अण्णा एकोणीस वर्षांचे होते. पोस्टर छापायला पैसे नव्हते. अण्णा आणि त्यांचे दोन मित्र बादलीत चुना कालवायचे, काथ्याचा कुंचला करायचे आणि रस्त्याकडेच्या चिऱ्याच्या गडग्यांवर, म्हणजे दगडी कुंपणांवर, पक्षाची खूण काढत जायचे. झोपडी. दोन तिरक्या रेघा, खाली चौकोन, मध्ये दार. चिरा चुना पिऊन टाकतो, त्यामुळे एकेक रेघ तीन-तीनदा मारावी लागायची.

या पक्षाचं बीज पडलं ते नाशिकच्या तुरुंगात. १९३२-३३ च्या सुमारास जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, नानासाहेब गोरे अशी तरणीबांड मंडळी तिथे एकत्र आली. नुसतं इंग्रज गेले की झालं का, जमीन आणि गिरणी कुणाची राहणार, यावर त्यांचे वाद चालायचे. १९३४ मध्ये पाटण्याला आचार्य नरेंद्र देवांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि काँग्रेसच्या पोटातच काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. बेचाळीसचं भूमिगत आंदोलन बऱ्याच अंशी याच लोकांनी जिवंत ठेवलं. १९४८ मध्ये पुन्हा नाशिकलाच अधिवेशन भरलं आणि त्यांनी काँग्रेस सोडली.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत समाजवादी पक्षाला साडेदहा टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि लोकसभेत जागा मिळाल्या १२. कम्युनिस्टांना मतं सव्वातीन टक्के, जागा १६! त्यांनी मोजक्या ठिकाणी जोर लावला, आणि आमच्या लोकांनी अडीचशेवर मतदारसंघांत उमेदवार उभे केले. सगळा देश आपला म्हणायचं तर सगळीकडे उभं राहायला हवं, असं त्यांना वाटलं असणार. मला ही चूक आजही प्रिय आहे. त्या पराभवानंतर आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाशी विलीनीकरण झालं आणि 'प्रजा समाजवादी' हे नाव आलं. झोपडी कृपलानींच्याच पक्षाकडून आली.

आता यांचं म्हणणं काय होतं ते. जमीन कसणाऱ्याची असावी आणि मोठे उद्योग समाजाच्या मालकीचे असावेत, हे बरेच डावे म्हणत होते. पण हे सगळं मत मागून आणि माणसं पटवूनच करायचं, बंदूक किंवा एका पक्षाची हुकूमशाही वापरून नाही, हा यांचा आग्रह होता. १९५२ मध्ये पचमढीच्या अधिवेशनात पक्षाचे नेते राममनोहर लोहियांनी सरळ सांगितलं की भांडवलशाही आणि साम्यवाद दोन्ही आपल्यासाठी सारखेच निरुपयोगी, कारण दोघांनाही अवाढव्य यंत्रं लागतात आणि सत्ता एका ठिकाणी गोळा करायची असते. त्यांना लहान यंत्रं हवी होती आणि गाव, जिल्हा, प्रांत, केंद्र अशा चार खांबांवर वाटलेली सत्ता. कार्यकर्त्याच्या आयुष्यात त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या: फावडं, मतपेटी आणि तुरुंग. आमच्या वाडीतल्या विहिरीकडे जाणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, अण्णांच्या पिढीनं श्रमदानातून बांधली. त्या कामातलं फावडं आमच्या पडवीत अजून आहे, दांडा तेवढा बदललाय.

फुटीबद्दल बोलायचं तर त्रावणकोर-कोचीनकडेच, म्हणजे बऱ्याच अंशी आजच्या केरळकडे, जावं लागतं. १९५४ मध्ये तिथे पट्टम थाणू पिल्लै मुख्यमंत्री झाले, प्रजा समाजवादी पक्षाचे. सरकार अल्पमतातलं, काँग्रेसच्या पाठिंब्यावर उभं. ऑगस्टमध्ये दक्षिणेकडच्या तमिळ भागात, आम्हाला मद्रास राज्यात जायचंय म्हणून आंदोलन पेटलं, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसं मेली. लोहिया तेव्हा पक्षाचे सरचिटणीस होते आणि स्वतः उत्तर प्रदेशात नैनीच्या तुरुंगात होते. तिथून त्यांनी मागणी केली की सरकारने राजीनामा द्यावा. काँग्रेसच्या सरकारांनी गोळीबार केला की आपण राजीनामे मागतो, मग आपल्या सरकारला वेगळा न्याय कसा? पिल्लैंनी ऐकलं नाही. नोव्हेंबरात नागपूरला खास अधिवेशन भरलं, बहुमत सरकारच्या बाजूने गेलं. पुढच्या फेब्रुवारीत ते सरकार तसंही पडलं.

लोहियांची मागणी शंभर टक्के बरोबर होती असं माझं मत आहे. आपल्या पोलिसांनी आपल्याच नागरिकांवर गोळ्या झाडल्या, तर खुर्चीवर बसायचा हक्क उरतो का, हा प्रश्न स्वतःच्या सरकारला उघडपणे विचारणारा आणि त्यावर अधिवेशन भरवून भांडणारा पक्ष मला दुसरा दाखवा. १९५५ मध्ये काँग्रेसने मद्रासजवळच्या आवडी गावी 'समाजवादी धर्तीच्या समाजा'चा ठराव केला, तेव्हा काँग्रेसच्या किती जवळ जायचं यावरून भांडण आणखी चिघळलं. मधु लिमयांना निलंबित केलं, मग लोहियांवरही कारवाई झाली, आणि वर्ष संपता संपता लोहियांनी हैदराबादला वेगळा पक्ष काढला. हे मात्र व्हायला नको होतं. मुद्दा खरा होता, पण तो लढायला दोन्ही बाजूंनी एका घरात राहायला हवं होतं. त्या मोडलेल्या घराची किंमत हजारो साध्या कार्यकर्त्यांनी मोजली.

आणि त्याच १९५५ चं दुसरं चित्र पाहा. १८ मे रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची पहिली मोठी तुकडी घेऊन गोव्यात शिरले. जुलैमध्ये मधु लिमये गेले, त्यांना बेदम मारहाण झाली. गोरे प्रजा समाजवादी पक्षात राहिले, लिमये लोहियांबरोबर गेले. पक्षातल्या भांडणाच्या दोन बाजूंचे हे दोघं, आणि दोघंही पोर्तुगीजांच्या तुरुंगात. मांडवातल्या त्या मुलाला मला हे सांगायचं होतं.

संयुक्त महाराष्ट्र समितीत एसेमनी, म्हणजे एस. एम. जोशींनी, काय केलं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे, नव्याने सांगत नाही. मृणालताई गोऱ्यांचं पाण्यासाठीचं लढणंही. लोहियांच्या बाजूच्या संयुक्त समाजवादी पक्षाची, म्हणजे संसोपाची, 'पिछड़े पावें सौ में साठ' (मागासांना शंभरात साठ जागा) ही घोषणा मात्र आठवून द्यावीशी वाटते, कारण मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या मंडल आयोगाचं नाव देशाला माहीत होण्याच्या कितीतरी आधी या लोकांनी ती गल्लीगल्लीत दिली होती.

१९७१ च्या जानेवारीत नाथ पै गेले. मार्चमधल्या निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाचे सगळ्या देशातून दोन खासदार निवडून आले. त्यातले एक राजापूरचे, मधु दंडवते. अण्णा सांगतात, त्या वेळी झोपडी काढताना डोळ्यांतून पाणी यायचं, चुन्यामुळे का नाथमुळे ते कळायचं नाही.

दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. चौऱ्याहत्तरच्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी परत कामावर घेतलं, पहिला वर्गच नसलेली गीतांजली एक्सप्रेस सुरू केली, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम आणला. मी आठ-नऊ वर्षांचा असताना रात्रीच्या गाडीत अण्णांनी माझा तळहात बर्थवर दाबून धरला होता. "हे बघ, हे मऊ लागतंय ना, हे मागून मिळालेलं नाही. आपल्यातला एक माणूस तिथे बसला होता म्हणून आहे." लोकशाही समाजवादावर मी नंतर पुष्कळ वाचलं, पण माझ्यासाठी तो त्या तळहाताखाली आहे.

आणीबाणीत पक्षाचे नेते-कार्यकर्ते तुरुंगात होते. बाहेर आल्यावर निवडणुकीत वेगळं लढलो तर हुकूमशाही टिकेल, हे दिसत होतं. म्हणून या लोकांनी आपलं नाव, आपली खूण, सगळं जनता पक्षात विसर्जित केलं. जनसंघाबरोबर एका पक्षात जाणं अनेकांना झेपलं नाही आणि पुढे जनता पक्ष आणि संघ अशा त्याच दुहेरी निष्ठेच्या वादात जनता पक्ष मोडला, हेही खरं. तरी मी त्या निर्णयाच्या बाजूचा आहे. समाजवाद थांबू शकतो, मतपेटी थांबली की काहीच उरत नाही, असं मानणारे हे लोक होते.

मार्च १९७७ मध्ये जनता पक्षाचे उमेदवार भारतीय लोकदलाच्या चिन्हावर लढले, चक्रातला हलधर, म्हणजे नांगर घेतलेला शेतकरी. अण्णांनी एकाहत्तर सालची, उन्हापावसातून उरलेली झोपडी गडग्यावरून स्वतः घासून काढली आणि तिथे हलधर काढला. तेव्हा काय वाटलं, असं मी एकदा विचारलं. ते थोडा वेळ गप्प बसले.

"चक्र गोल येईना रे. मग आईकडून जेवायचं ताट आणलं, ते गडग्यावर धरलं आणि त्याच्या कडेने कुंचला फिरवला."