गड चढायचा नाही, म्हणून किल्ला नाही?

परवा भाचा सिंहगड करून आला. दीडशे फोटो, त्यातले वीस पिठलं-भाकरीचे. म्हटलं, "आपल्या गावचा किल्ला बघितलास का रे कधी?" तर म्हणतो, "कुठला मामा, तो बागेतला?"

बागेतला! पण त्याला काय बोलू? मलाही चाळिशीपर्यंत सोलापूरचा भुईकोट म्हणजे हुतात्मा बागेच्या मागची काळी भिंत, एवढंच ठाऊक होतं.

आता मात्र माझं ठाम मत आहे. किल्ला कळायला हवा असेल तर सुरुवात भुईकोटापासून करावी. डोंगरी गडाची निम्मी राखण कडेच करतात. सपाटीवर फुकट काहीच मिळत नाही, सगळं माणसाला डोकं लढवून उभं करावं लागतं. आधी खंदक, मग तट, त्याच्या आत दुसरा तट. बाहेरचा पडला तरी आतून मारा चालूच. एका अंगाला सिद्धेश्वर तलावाचं पाणी. दरवाजे सरळ समोरासमोर नाहीत, वळणावळणाने आहेत, म्हणजे हत्तीला धडक मारायला धाव मिळत नाही. तटात देवळांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात. पुढे कुणी काय मोडून काय बांधलं, ते तिथे उभं राहून स्वतः बघावं.

आणि या किल्ल्यापायी झालेली भांडणं! बहमनी राज्य फुटल्यावर सोलापूर पडलं निजामशाही आणि आदिलशाहीच्या बरोबर सीमेवर. 1524 मध्ये आदिलशहाची बहीण बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा हा किल्ला आंदण द्यायचं ठरलं. दिलाच नाही. झालं, त्यावरून वर्षानुवर्षं लढाया, आणि त्यात किल्ला निजामशहाकडे गेला. मग 1565 च्या तालिकोटच्या लढाईआधी विजयनगरविरुद्ध एकी करायची वेळ आली, तेव्हा उलटी सोयरीक झाली. निजामशहाची मुलगी चांदबिबी विजापूरला गेली आणि तिच्याबरोबर सोलापूरही गेलं. हुंड्याचं भांडण आपल्याकडे किती जुनं आहे बघा. 1818 च्या मे महिन्यात इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने पेशव्यांकडून किल्ला घेतला, तिथे ही सोयरीक-भानगड संपली.

एकदा चटक लागली की नळदुर्ग गाठाच, हैदराबाद रस्त्याने तासाभरावर. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, 1613 मध्ये, बोरी नदीवर बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्याच पोटात महाल केला. पावसाळ्यात डोक्यावरून नर आणि मादी नावाचे दोन धबधबे कोसळत असतात आणि आपण आत कोरडे! मी खिडकीत अर्धा तास बसलो होतो, शेंगाची चटणी-कडक भाकरी तशीच पिशवीत राहिली. भिंतीवर बदाम आणि नावं कोरणाऱ्यांविषयी मात्र इथे लिहीत नाही, शिव्या जातील.

रविवारी भाच्याला ओढतच सोलापूरच्या किल्ल्यात नेलं. दहा मिनिटं मोबाईलमध्येच होता. मग दरवाजाजवळ अडसराचं भोक दाखवलं. दार लावल्यावर ओढायचा लाकडी वासा दिवसा याच भोकातून भिंतीत सरकवून ठेवायचे, एवढंच सांगितलं. त्याने हात घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. गाल दगडाला टेकला.

"मामा, अजून आत आहे!"