एइबारवर अन्याय झाला का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सेगुंदाच्या, म्हणजे स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉल लीगच्या, प्ले-ऑफवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलं झोडपून काढलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : 2010 पर्यंत पहिले तिन्ही संघ थेट ला लीगात, म्हणजे वरच्या श्रेणीत, जायचे. आता पहिले दोनच थेट जातात, आणि उरलेल्या एका जागेसाठी तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत सगळ्यांना एकत्र कोंबून जूनमध्ये लॉटरी काढतात, 42 सामन्यांची मेहनत पाण्यात जाते, आणि हे सगळं टीव्हीच्या पैशासाठी. पुरावा म्हणून तुम्ही 2022 साल दिलंत. तिसरा एइबार 80 गुण, सहावा जिरोना 68, आणि वर गेलं कोण, तर जिरोना.

टीव्हीचा मुद्दा सोडून देतो, पैसा कुठे नाही? पण एइबारचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं.

उपांत्य फेरीचा पहिला लेग (दोन सामन्यांपैकी पहिला) जिरोनाच्या घरी, मोंतिलिवीवर होता. तो एइबारनेच 1-0 असा जिंकला. दुसरा लेग स्वतःच्या इपुरुआवर, तिथे बरोबरीसुद्धा पुरली असती. 90 मिनिटांत 0-1 असे मागे पडले, तरीही पारडं त्यांचंच जड होतं. कारण इथे जादा वेळेनंतर एकूण गोल समान राहिले तर पेनल्टी शूटआउट होत नाही, गुणतक्त्यात वर असलेला संघ पुढे जातो. म्हणजे घरच्या प्रेक्षकांसमोर अर्धा तास फक्त गोल होऊ द्यायचा नव्हता. तोही झाला. आता याहून जास्त सवलत कुणी काय द्यायची? आणि खरी माती तर त्यांनी आधीच खाल्ली होती. शेवटच्या फेरीत जिंकले असते तर थेट वर होते. समोर कोण, तर आधीच खाली घसरलेला आल्कोर्कोन. तिथे अगदी शेवटी गोल बसला आणि 1-0 ने हरले.

लॉटरीत 42 सामन्यांचं वजन शून्य असतं. इथे ते 120व्या मिनिटापर्यंत, कधी त्याही पुढे टिकतं. 17 जून 2023ची लेवान्ते-आलावेस अंतिम लढत आठवा (आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, दुसऱ्या दिवशी रविवार होता म्हणून बरं). आलावेसच्या घरी व्हितोरियात 0-0, लेवान्तेच्या घरी व्हॅलेन्सियात 90 मिनिटं 0-0, जादा वेळही संपत आलेला. लेवान्ते तिसरे, आलावेस चौथे, म्हणजे शिट्टी वाजली की लेवान्ते ला लीगात. तेवढ्यात लेवान्तेच्या रोबेर पिएरच्या हाताला चेंडू लागला, रेफ्री व्हीएआरच्या (व्हिडिओ रेफ्रीच्या) पडद्याकडे गेले, आणि 129व्या मिनिटाला आलावेसच्या वियालिब्रेने पेनल्टीवर गोल केला. वर गेलं आलावेस. लेवान्तेच्या पाठीराख्यांचं दुःख मला कळतं. पण त्या मोसमात लेवान्ते 72, आलावेस 71. एका गुणाच्या जोरावर एकाला थेट वर आणि दुसऱ्याला घरी, हा तुमचा न्याय?

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. 2011 ते 2025 या पंधरा प्ले-ऑफमध्ये तिसरा संघ चारदाच जिंकला : वायादोलिद, आल्मेरिया, खेताफे आणि ओविएदो. 2020 ते 2022 सलग तीन वर्षं तर सहावाच वर गेला. सवलत असूनही हे का? माझ्या मते तिसरा संघ बऱ्याचदा दुसरा क्रमांक नुकताच गमावून आलेला असतो. 2015चा जिरोनाच बघा. शेवटच्या दिवशी भरपाई वेळेत लुगोने 1-1 केलं आणि थेट बढती हुकली. मग झारागोझात 3-0 जिंकले, आणि घरी 1-4 हरून बाहेर (एकूण 4-4, पण तेव्हा बरोबरीत आधी बाहेरच्या मैदानावरचे गोल धरले जायचे).

इटलीत सेरी बीमध्ये तिसरा चौथ्यापेक्षा 14हून जास्त गुणांनी पुढे असेल तर प्ले-ऑफच होत नाही. हा नियम स्पेनने उचलावा, मला आवडेल. फक्त 2022मध्ये चौथ्या लास पाल्मासचे 70 गुण होते, तेव्हा एइबारला त्याचाही उपयोग झाला नसता.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, 2014मध्ये सातवा कोर्दोबा प्ले-ऑफमध्ये कसा शिरला. तिसरा बार्सिलोना ब होता, आणि राखीव संघाला मुख्य संघाच्या विभागात जाता येत नाही. म्हणून यादी एकाने खाली सरकली.