पोरं आपलीच हो, पण कागद लागतोय

मे महिन्यात माझा नऊ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची भाची, अशी दोन पोरं घेऊन मी एकटी सिंगापूरहून क्रूझला जाऊन आले. नवऱ्याला रजा नव्हती, भाऊ-वहिनीला दुकान सोडवत नव्हतं. चार रात्री, पिनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. फोटो टाकल्यापासून सगळे एकच विचारतायत, केवढ्याला पडलं? कागदांचं एकानंही विचारलं नाही, म्हणून आपणहून लिहिते.

बुकिंग करताना एजंट म्हणाला, "निवांत जावा वहिनी, पोरांना काय लागत नाही. पासपोर्ट नि व्हिसा झाला की संपलं." न्यू जर्सीची नणंद त्याच्याही पुढची. म्हणे, जहाजावर मुलांना जन्मदाखला पुरतो. तिच्या मुलाला पुरला, कारण तो अमेरिकेचा नागरिक, सोळाच्या आतला, आणि त्याचं जहाज अमेरिकेतल्या ज्या बंदरातून निघालं त्याच बंदरात परत आलं. भारतीय पासपोर्टवाल्या आपल्या पोरांना ती सवलत नाही. तान्हं बाळ असलं तरी त्याचा स्वतःचा पासपोर्ट लागतो.

त्यातही एक मेख आहे. लहान मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि प्रवासाला निघताना त्यावर सहा महिने शिल्लक लागतात. म्हणजे हिशेबानं साडेचारच वर्षं कामाचा. भाचीचा पहिल्या वाढदिवसानंतर काढलेला पासपोर्ट असाच संपत आला होता, तो नवीन करून घ्यावा लागला. (जुन्यातल्या फोटोत ती टक्कल केलेली आहे. तिला तो फोटो दाखवलेला चालत नाही.) व्हिसाचंही बघा. सिंगापूरला विमानानं उतरलात ती एक एंट्री, जहाजानं परत आलात ती दुसरी. एकाच एंट्रीचा व्हिसा असेल तर परतताना पंचाईत. मलेशियाला १ डिसेंबर २०२३ पासून आपल्याला व्हिसा लागत नाही, तेवढं एक बरं आहे.

आता मुख्य गोष्ट, संमतीपत्र. मूल आई-बाप दोघांबरोबर नसेल तर जे बरोबर नाहीत त्यांनी लिहून द्यायचं. मी मुलासाठी नवऱ्याकडून घेतलं, भाचीसाठी भाऊ आणि वहिनी दोघांच्या सह्यांचं. स्टँपपेपरवर, इंग्रजीत, कोल्हापुरात कसबा बावड्याला कोर्टाजवळ नोटरी करून. मुलाचं नाव, पासपोर्ट नंबर, कोणाबरोबर जातंय, जहाजाचं नाव, तारखा, बंदरं, आई-बापाचे फोन नंबर. एक ओळ मी हट्टानं घालायला लावली : मूल आजारी पडलं तर उपचाराचा निर्णय आत्यानं घ्यावा. जोडीला जन्मदाखला आणि आई-बापाच्या पासपोर्टच्या झेरॉक्स. नवरा सही करताना हसत होता, "लग्नानंतर पहिल्यांदाच माझी परवानगी मागतीयस." भाऊ मात्र चिडला. "आत्याबरोबर जातीय, चोराबरोबर नाही."

सिंगापूरच्या काउंटरवर पोरगीनं विचारलंच. हिचं आडनाव वेगळं, ही तुमची कोण? मी म्हटलं, आंटी. आणि म्हणतानाच कळलं, हा शब्द किती पोकळ आहे. आपल्याकडे आत्या, मावशी, काकू, मामी, प्रत्येकीचा मान वेगळा, रुसवा वेगळा. तिथं सगळ्या आंटी. अन् आंटी तर आपण रिक्षात शेजारी बसलेल्या बाईलाही म्हणतो. माझ्या तोंडच्या शब्दावर तिनं का विश्वास ठेवावा? पत्र दिलं, तिनं वाचलं, भाचीकडे बघून हसली, पुढे सोडलं. दोन मिनिटं. आमच्या पुढच्या रांगेत एक आजोबा नातवाला घेऊन उभे होते, पत्र नव्हतं. त्यांना बाजूला बसवून घरी फोन चालले होते. पुढं काय झालं कळलं नाही, पण त्यांचा चेहरा अजून आठवतो. आणि कागद अपुरा म्हणून चढू दिलं नाही तर पैसे बहुधा परत मिळत नाहीत. जहाज कुणासाठी थांबत नाही, ती काय महालक्ष्मी एक्सप्रेस आहे?

मैत्रिणींपैकी काहींना संमतीपत्र हा बायकांचा अपमान वाटतो. मला नाही वाटत. तोच कागद एकट्या बापालाही मागतात. उद्या भांडणातला एखादा बाप किंवा आई पोराला गुपचूप देशाबाहेर न्यायला निघाली, तर अडवणारा तोच एक प्रश्न असतो. राग करायचाच तर याचा करा, की तिकिटाचे पैसे घेताना हे कोणी सांगत नाही. घटस्फोट झालेल्या मैत्रिणींनी मुलाचा ताबा दिल्याच्या कोर्टाच्या आदेशाची प्रत जवळ ठेवावी. एकीचं त्याच्यामुळं काम झालंय.

मुंबईहून गोव्याकडं जाणाऱ्या देशातल्या क्रूझला पासपोर्ट लागत नाही, पण मुलाचं सरकारी ओळखपत्र लागतं. तिथं बाल आधार बाहेर निघतं आणि लक्षात येतं, की पाचव्या वर्षी बोटांचे ठसे द्यायचे राहूनच गेलेत. आणखी एक, कित्येकांच्या जन्मदाखल्यावर मुलाचं नावच नसतं, नुसती तारीख नि आई-बाप. एक वर्षापर्यंत नाव फुकट घालता येतं, पुढं पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आजच काढून बघा.

मी पण काल आमच्या चिरंजीवांचा पासपोर्ट काढून बघितला. डिसेंबरमध्ये संपतोय. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत तो असून नसल्यासारखाच. उद्या सकाळी अपॉइंटमेंट बघते.