आठ कोपऱ्यांची पेटी

कंटेनर वाहतूक किती वाढली हे सांगताना हटकून जहाजांचे आकडे पुढे केले जातात. 26 एप्रिल 1956 रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले, तेव्हा त्यावर 58 कंटेनर होते. 2023 मध्ये आलेल्या ‘एमएससी इरिना’ची क्षमता वीस फुटी मापाच्या 24,346 कंटेनरची आहे. आकडे खरेच आहेत, पण माझ्या मते या धंद्याला खरी गती दिली ती कंटेनरच्या कोपऱ्यांनी.

प्रत्येक कोपऱ्यात लांबट भोके असलेला एक पोलादी ठोकळा असतो. क्रेनची चौकट वरून टेकते, तिच्या चार खुंट्या वरच्या चार भोकांत शिरून पाव फेरा फिरतात आणि कित्येक टनांची पेटी अलगद उचलली जाते. हे कोपरे जहाजावर, ट्रकवर आणि रेल्वेच्या वाघिणीवर सारखेच बसतात, कारण ‘आयडियल एक्स’ पाठवणारे अमेरिकी वाहतूक व्यावसायिक माल्कम मॅक्लीन यांच्या कंपनीने अभियंता कीथ टँटलिंगर यांच्या या रचनेवरील पेटंटचा हक्क 1960च्या दशकात सोडून दिला आणि आंतरराष्ट्रीय मानक त्या आधारे ठरू शकले. स्वतःची मक्तेदारी सोडल्यानेच धंदा वाढल्याचे असे उदाहरण क्वचितच सापडते.

मॅक्लीन यांच्या हिशेबाप्रमाणे सुटा माल चढवायला टनामागे 5.86 डॉलर लागत, तेच काम ‘आयडियल एक्स’वर सुमारे 16 सेंटमध्ये झाले. या बचतीची किंमत गोदी कामगारांनी मोजली. लंडन शहरातल्या जुन्या गोद्या 1981 पर्यंत बंद पडल्या आणि काम टिलबरी, फेलिक्स्टो या बंदरांकडे गेले.

त्यानंतरची वाढ मात्र मला तितकीशी पटत नाही. चारशे मीटर लांबीचे जहाज एका खेपेत हजारो कंटेनर उतरवते, तेव्हा यार्ड आणि फाटकाबाहेरचे रस्ते काही दिवस तुंबतात आणि पुढची खेप येईपर्यंत तीच यंत्रणा बरीचशी रिकामी राहते. इंधनाची बचत जहाज कंपनीच्या खात्यात जमा होते, तर गाळ उपसण्याचा आणि लांब हाताच्या क्रेनचा खर्च बंदराच्या, म्हणजे पुष्कळदा करदात्यांच्या माथी बसतो. शिवाय सगळेच मोठी जहाजे बांधत सुटल्याने जहाजे जास्त आणि माल कमी अशी अवस्था झाली. भाडी कोसळली आणि 2016 मध्ये ‘हानजिन’ ही दक्षिण कोरियाची जहाज कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा बिले कोण भरणार या धास्तीने बंदरे तिची जहाजे आत घेईनात आणि लोकांचा माल समुद्रातच अडकून पडला. गंमत अशी, की 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे आफ्रिकेला वळसा घालावा लागला, तेव्हा त्या लांबलेल्या वाटेनेच जादा जहाजांना काम दिले.

खोल पाणी आणि मोठ्या क्रेन ज्यांना हव्यात, त्यांच्याकडूनच त्यांचे वेगळे शुल्क घ्यावे, असे माझे मत आहे. पण एकटे बंदर ते लावायला धजावत नाही, कारण मोजक्या बड्या कंपन्यांपैकी एकीने जरी आपली फेरी शेजारच्या बंदरात हलवली, तरी कर्ज काढून घेतलेल्या क्रेन नुसत्या उभ्या राहतात.