पंधराव्या किलोमीटरवरची म्हातारी

दाभोळच्या धक्क्यावरचा कट्टा. फेरीबोट नुकतीच खाडीपलीकडच्या धोपाव्याकडे सुटलेली. विषय दाखल्यांचा: आणखी सेवा केंद्रं काढायची तर कुठल्या गावात?

बंड्या पुण्याहून सुट्टीवर आलाय. म्हणाला, "यात भांडायचं काय? ४० गावांतली ५ निवडायचे ६,५८,००८ मार्ग. ज्यात सगळ्यांची मिळून पायपीट कमी, तो कॉम्प्युटर काढून देतो. टेलिफोनची स्विचिंग केंद्रं कुठे ठेवावीत, हे हकिमी नावाच्या संशोधकाने १९६४ मध्ये असंच मांडलं होतं."

"आणि अंतर कसं मोजणार?" अण्णा. "पट्टी लावलीस तर धोपावे इथेच. बोट बंद पडली की चिपळूणचा वळसा."

"पट्टी नाही हो, प्रवासाचा वेळ घ्यायचा. बोटीची वाट बघणं धरून. पावसाळ्याचं गणित वेगळं करायचं."

हे मला पटलं. पण धोपावे गुहागर तालुक्यात, आपण दापोलीत; ती हद्द गणिताने पाळायची की नाही, यावर दहा मिनिटं नुसता आरडाओरडा झाला.

मास्तरांनी तोवर खडूने फरशीवर रेघ ओढली. एका रस्त्यावर चार वाड्या, ०, २, ३ आणि १५ किलोमीटरवर, माणसं सारखीच. केंद्र ३ वर ठेवलं तर अंतरांची बेरीज १६, पण टोकाच्या वाडीला १२ किलोमीटर. साडेसातवर ठेवलं तर कुणालाच साडेसातपेक्षा जास्त नाही, बेरीज मात्र २५.

"दोन्ही उत्तरं बरोबर. कुठलं घेतोस?"

बंड्या म्हणाला, "तिसरंही आहे. चर्च आणि रेव्हेल या दोन संशोधकांचं, १९७४. ठरावीक अंतराच्या आत जास्तीत जास्त माणसं आणायची."

"म्हणजे त्या अंतराबाहेरचा हिशेबातूनच गेला," अण्णा म्हणाले. (गणितात पस्तिशी कधी ओलांडली नाही, हे ते स्वतःच सांगतात.) "आणि माणसं कुठली मोजतोस? मतदारयादीतली? त्यातली निम्मी मुंबईला, गणपतीला दिसतात. पेन्शनचे कागद घेऊन फिरते ती घरातली म्हातारी. ती त्या पंधराव्या किलोमीटरवर."

माझ्या मते अण्णांचाच मुद्दा सगळ्यात जड. गावाला वजन द्यायचं ते डोक्यांवरून नको, खेपांवरून द्या.

बंड्याने मोबाईल काढला. "वाडीवार खेपा सांगा, घालतो."

अण्णा बोटांवर मोजायला लागले. दुसऱ्याच वाडीला मास्तरांशी आकड्यावरून जुंपली, आणि बोट परत येऊन धक्क्याला लागली तरी कुणी उठलं नाही.