खुलासा: कळांआधी प्रोजेस्टेरॉन उतरत नाही
बाळंतपणाच्या कळा सुरू होण्याआधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गरोदरपण टिकवणारं संप्रेरक, झपाट्याने उतरतं, असं मी मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं. ते चूक आहे. उंदीर-मेंढीत तसं घडतं, माणसात नाही. वार (प्लासेंटा) बाहेर पडेपर्यंत हे संप्रेरक बनवतच राहते, त्यामुळे रक्ततपासणीत पातळी चढीच दिसते.

बदल होतो गर्भाशयाच्या स्नायूपेशींत. प्रोजेस्टेरॉनचे ग्राही, म्हणजे त्याचा संदेश घेणारी पेशीतली प्रथिनं, दोन प्रकारचे, ए आणि बी. बी स्नायूला शांत ठेवतो. शेवटी ए वरचढ होतो आणि संप्रेरक भरपूर असूनही त्याचा हुकूम चालेनासा होतो. मग कनेक्सिन-४३ (पेशींना एकमेकींशी जोडणारं प्रथिन) आणि ऑक्सिटोसिन या कळा आणणाऱ्या संप्रेरकाचा ग्राही, यांची जनुकं जोमाने काम करू लागतात, पेशी जोडल्या जाऊन एकदमच आकसतात.

माझं वाचून एखादी गरोदर बाई घाबरली असेल, याची खंत वाटते. ती पोस्ट कृपया पुढे पाठवू नका. पाठवली असेल तिथे हा खुलासा टाका.