तीन माणसं आणि काळा मोजा

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबण लागणार. कंटाळा येणाऱ्यांनी खुशाल पुढे सरकावं.

सकाळी भाचा आला. टेबलावर 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' ही चिनी विज्ञानकादंबरी पालथी पडलेली बघून म्हणतो, "मामा, हे परत कशाला वाचत बसलायस? नेटफ्लिक्सवर आठ भागांत संपतं." संपतं म्हणे! अँटिबायोटिकचा कोर्स आहे का तो?

पुस्तकात माणसांच्या कॉम्प्युटरचा प्रसंग आहे. तीन कोटी सैनिक उभे करतो लेखक लिऊ त्सशिन, पण सुरुवात तिघांपासून. दोघांनी निशाण दाखवायचं, तिसऱ्याने त्यांच्याकडे बघून आपलं उचलायचं. दोन्ही काळी असतील तरच काळं, नाहीतर पांढरं. झालं अँड गेट, म्हणजे ज्या साध्या तुकड्यांपासून कॉम्प्युटर बनतो त्यातला एक! हे मी एकदा जेवताना बाबांना सांगितलं, तर त्यांचा भात कालवणारा हात थांबला. "करून दाखव." मग स्वयंपाकघरात मी, आई आणि बाबा, प्रत्येकाकडे एक काळा मोजा आणि एक पांढरा रुमाल. आई सारखी चुकायची. आमटी निवली. जन्मभर खातेवह्या जुळवलेला तो माणूस हातात मोजा धरून म्हणाला, "म्हणजे कुणालाच काही कळायची गरज नाही, आणि तरी हिशेब होतोय?"

हे वाक्य पुस्तकामुळे आलं. मालिकेत काय आहे? कुबलाई खानाचा दरबार, न्यूटन, कॉम्प्युटरचा पाया घालणारा ट्यूरिंग, निशाणांचा समुद्र, आणि बघता बघता माणसं हवेत उडायला लागतात. भारी दिसतं, नाही कोण म्हणतंय? पण भाच्याला विचारलं, गेट कळलं का? "कसलं गेट?"

बरं, पनामा कालव्यात जहाज चिरलं जातं तिथे मालिकेने अंगावर काटा आणला, मान्य. लिऊची माणसं पुठ्ठ्याची आहेत, हेही मान्य. पण मला माणसं हवी असतील तर मी शेजारी जाईन ना! विज्ञानकथेत मला ते हवंय, ज्याने बाबांचा हात भातात थांबला.

आयझॅक आसिमॉव्हच्या 'फाउंडेशन' या विज्ञानकादंबरीचंही तेच. 1951 च्या पुस्तकात माणसं खोलीत बसून नुसती बोलतात, आणि त्या बोलण्यात साम्राज्यं कोसळतात. 2021 च्या मालिकेत क्लोन केलेले सम्राट घुसवले. आसिमॉव्हकडे ते नाहीतच. आणि नेमके तेच मालिकेतले सगळ्यात जिवंत लोक निघाले. हा मुद्दा माझ्याविरुद्ध जातो, कळतंय मला. राहू दे आता, लिहून झालाय.

आणि खरं सांगायचं तर पोराला बोलून मलाच वाईट वाटलं. मी तरी या पुस्तकांपाशी कसा आलो? दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' बघूनच की. त्यातलं विज्ञान आज आठवलं तरी हसू येतं.

दुपारी जेवताना भाच्याला मोजा आणि रुमाल दिला. आईलाही दिला. निकाल सांगणाऱ्या तिसऱ्याची जागा बाबांची होती, तिथे मी उभा राहिलो.

आई आज एकदाही चुकली नाही.